पाटीवरचा आकडा आणि एप्रिलचं ऊन

सोलर घ्यायला निघालेला माणूस दुकानदाराला हमखास दोन प्रश्न विचारतो: पॅनेल किती वॅटचं आणि किती टक्क्यांचं? कुरकुंभ-दौंड पट्ट्यात याहून मोलाचा तिसरा प्रश्न आहे, आणि तो फार थोडे लोक विचारतात. तापल्यावर हे पॅनेल किती देतं?

टक्क्यांचं आधी बोलू. विल्यम शॉक्ली आणि हान्स क्वायसर यांनी 1961 मध्येच दाखवून दिलं की, एका थराचा सौर घट उन्हातल्या ऊर्जेतून एका मर्यादेपलीकडे वीज काढू शकत नाही; आजच्या हिशोबाने ती मर्यादा साधारण 33 टक्के आहे. सिलिकॉनला इलेक्ट्रॉन मोकळा करायला ठरावीक ऊर्जा लागते. त्याहून कमी ऊर्जेचे अवरक्त किरण आरपार निघून जातात. निळ्या प्रकाशाकडे ती गरजेपेक्षा जास्त असते, पण वरची सगळी उष्णता होऊन वाया जाते. सिलिकॉनची सैद्धांतिक कमाल 29.4 टक्के धरतात, आणि बाजारात 20 ते 23 टक्क्यांची पॅनेलं मिळतात. म्हणजे पॅनेल मुळातच चांगलं आहे. एका टक्क्यासाठी हजारो रुपये जास्त मोजण्यात अर्थ नाही, छपरावर जागाच अपुरी असेल तर गोष्ट वेगळी.

खरी गळती आपल्या छपरावर होते. पॅनेलच्या पाटीवरचे वॅट प्रयोगशाळेत, घट 25 अंशांवर ठेवून मोजलेले असतात. एप्रिलमध्ये हवा चाळिशीला टेकली की घट सहज 65 अंशांवर जातो. सिलिकॉनच्या नेहमीच्या पॅनेलमध्ये दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के वीज घटते. चाळीस अंशांचे झाले चौदा टक्के! 540 वॅटचं पॅनेल भर उन्हात 465 च्या आसपास येतं. एमआयडीसीतल्या शेडच्या पत्र्याला पॅनेल चिकटवून बसवलं, तर खालून वारा खेळत नाही आणि तोटा आणखी वाढतो. वीतभर उंची दिली तरी फरक पडतो.

मग धूळ. महामार्गाची, कारखान्यांची, पेटवलेल्या पाचटाची, गुऱ्हाळांच्या धुराची. बोअरच्या जड पाण्याने पॅनेल धुतलं की क्षारांचे डाग राहतात, ते वेगळेच. सावलीचं गणित तर फारच कठोर आहे. घट एकामागे एक जोडलेले असल्याने टाकीची सावली एकाच घटावर पडली तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा बंद पडू शकतो.

दोन थरांचे पेरोव्स्काइट-सिलिकॉन घट एका थराची 33 टक्क्यांची मर्यादा ओलांडतात. चीनच्या लाँगी कंपनीने 2024 मध्ये 34.6 टक्के गाठले, मुंबईच्या आयआयटीतही काम चालू आहे. पण उष्णता आणि दमटपणा सोसत ते वीस-पंचवीस वर्षं टिकतील, हे अजून सिद्ध व्हायचं आहे. त्यांची वाट पाहत थांबू नये.

मला खटकतं ते हे, की पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॅटला 78 हजार रुपये, बसवलेल्या क्षमतेवर मिळतं. किती युनिट तयार झाले, याच्याशी त्याचा संबंध नाही. त्यामुळे उंची, सावली, धुण्याची सोय याकडे लक्ष देण्याची जबाबदारी ग्राहकावरच येते. तेव्हा कोटेशनवर एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबर या तीन महिन्यांचे अपेक्षित युनिट लिहून मागा. जो लिहून देणार नाही, त्याला काम देऊ नका.