छडीशिवाय शिस्त लागते



शाळेत शिस्त हवी की नको, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, हवीच. घंटा झाली की रांगेत उभे राहावे, परिपाठाला गडबड करू नये, चपला ओळीत ठेवाव्यात, दिलेला अभ्यास पुरा करावा. शिस्त नसेल तर शाळेचा आठवडी बाजार होईल. पण शिस्त म्हणजे मार, असे पुष्कळ लोकांना वाटते. ते मला पटत नाही.

कधी कधी एखाद्या मुलाचे वडील त्याचा हात धरून शाळेत येतात आणि म्हणतात, "गुरुजी, कातडं तुमचं, हाडं आमची. चांगला बडवा याला!" ऐकणारे हसतात. ते पोर मात्र खाली मान घालून उभे असते. त्याला काय वाटत असेल?

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत तर मुलाचे हात दोरीला बांधून त्याला टांगत. त्या शिक्षेला 'घोडी' म्हणत. पुढे घोडी गेली, पण अंगठे धरणे, कोंबडा करणे, बोटांच्या पेरांवर पट्टी मारणे हे राहिले. आपल्या आजोबांनी आणि वडिलांनी ते सोसले आहे. म्हणून मोठी माणसे म्हणतात, "आम्ही मार खाल्ला, म्हणून तर सुधारलो."

यावर माझे एक म्हणणे आहे. जे मार खाऊनही शाळेत टिकले, तेच आज असे म्हणतात. ज्यांनी माराच्या भीतीने शाळाच सोडली, त्यांना कोण विचारतो? माझे एक चुलते चौथीत होते. पाटी फुटली आणि घरात नवी घ्यायला पैसे नव्हते. पाटी नाही म्हणून रोज हातावर छड्या बसायच्या. मग ते दप्तर घेऊन घरून निघायचे आणि ओढ्याकाठी बसून राहायचे. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. आज ते दुधाचा हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण डेअरीची चिठ्ठी वाचायला मला हाक मारतात. सांगा बरे, छडीने पाटी आली का? की विद्या आली?

आपण नीट पाहिले तर मुले मार खातात ती बहुतेक खोडीसाठी नाहीच. कोणाला उशीर होतो, कारण पाणी भरायचे असते. कोणाचा अभ्यास राहतो, कारण धाकटे भावंड सांभाळायचे असते. सुगीत तर घरचेच म्हणतात, आज शाळा राहू दे. अडचण घराची आणि वळ पोराच्या हातावर, हा कुठला न्याय?

शिवाय भीतीने डोके चालत नाही. अंगणात खेळताना 'सतरा आठे एकशे छत्तीस' घडाघडा म्हणणारी मुलगी छडी समोर दिसली की सतरा दुणे सुद्धा विसरते. कानाखाली जोरात बसली तर कानाचा पडदा फाटू शकतो. मग ऐकूच आले नाही तर शिकणार काय? आणि मार चुकवण्यासाठी मुले आणखी एक गोष्ट शिकतात, ती म्हणजे खोटे बोलणे.

आता तर कायदाही आपल्या बाजूने आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला मारणे आणि मानसिक त्रास देणे, दोन्हींना मनाई आहे. म्हणजे "गाढवा, तुला काही येणार नाही" असे चारचौघांत टाकून बोलणेही चुकीचेच. मोडणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे कारवाई होऊ शकते.

कोणी म्हणेल, मग मुले ऐकतील कशी? आपल्याच महाराष्ट्रात उदाहरणे आहेत. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः आवरून ठेवत. मग मुलांनाच लाज वाटे आणि ती आपापले सामान नीट लावू लागत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते जवळच कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. त्यांना कोणी छडी दाखवली नाही. गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली! तिचे नाव कुरणशाळा. मूल का येत नाही, हे आधी विचारले म्हणून उपाय सापडला.

मला वाटते, आपल्यालाही असे करता येईल. उशीर झाला तर कारण विचारावे. राहिलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी पुरा करून घ्यावा. वर्गाचे नियम मुलांनीच ठरवून फळ्यावर लिहावेत, म्हणजे मोडताना आपलेच आपल्याला वाईट वाटेल. आणि घंटा सर्वांना सारखी असावी, लहानांना आणि मोठ्यांनाही.

पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत निदान 75 टक्के सदस्य पालक असतात. तिथे हा विषय जरूर काढा. आणि पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा "बडवा याला" म्हणू नका. "माझ्या पोराला काय येत नाही, ते सांगा" असे विचारा. गुरुजींनाही बरे वाटेल आणि आम्हालाही.

एवढे लिहून मी माझे विचार पुरे करते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी