मातेचे रक्षण हेच गर्भाचे रक्षण

२०२० सालच्या जुलैअखेर पुण्याच्या ससून रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी एक माहिती प्रसिद्ध केली आणि तिने देशभर खळबळ उडाली. एका नवजात मुलीला करोनाची बाधा झाली होती. आईच्या घशातील नमुन्यात विषाणू आढळला नव्हता. मात्र तिला संसर्ग होऊन गेल्याचे रक्तातील प्रतिपिंडांवरून पुढे सिद्ध झाले. बाळाच्या नाकातील स्राव, नाळ आणि वार यांत विषाणू सापडला होता. जन्मानंतर काही दिवसांतच ही मुलगी गंभीर आजारी झाली, परंतु सुमारे तीन आठवड्यांच्या उपचारांनंतर ती बरी होऊन घरी गेली. आईच्या उदरातच बाळाला संसर्ग झाल्याचे भारतातील हे पहिले उदाहरण मानले गेले. प्रत्येक गर्भवतीच्या मनात तेव्हा एकच प्रश्न उभा राहिला: माझा आजार माझ्या बाळाला जन्माआधीच जडेल काय?

या प्रश्नाचे उत्तर शास्त्राला एका दिवसात मिळाले नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वुहानमधील नऊ गर्भवतींचा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सहा जणींचे गर्भजल, नाळेतील रक्त आणि दूध तपासले गेले, त्यांच्या बाळांच्या घशातील नमुनेही पाहिले गेले. पण विषाणू कोठेच आढळला नाही. पुढे पॅरिसजवळच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांनी गर्भजलात व वारेत विषाणू असल्याचे दाखवून उदरातील संक्रमणाचा भक्कम पुरावा मांडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा संसर्गाचे निकष ठरवून दिले. ते आवश्यकच होते. कारण जन्मल्यावर आईच्या श्वासातून झालेली बाधा आणि उदरात झालेली बाधा यांत भेद न केल्यास सारेच निष्कर्ष फसवे ठरतात.

आज उत्तर पुरेसे स्पष्ट आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक आढाव्यात बाधित मातांच्या १४,२७१ बाळांची नोंद होती. त्यांपैकी १.८ टक्के बाळांना बाधा झाली होती. बाधित बाळांपैकी ५९२ जणांची संसर्ग-काळाविषयीची माहिती उपलब्ध होती, आणि आईकडूनच संसर्ग झाल्याचे त्यांतील १४ बाळांच्या बाबतीत निश्चित झाले. यांत उदरातील संसर्गाची बाळे अवघी सात होती. तेव्हा उदरातील संक्रमण होते, हे खरे. पण ते अत्यंत विरळ आहे, हेही तितकेच खरे. बहुतेक बाधितांच्या रक्तात विषाणू फारसा उतरत नाही, आणि पेशीत शिरण्यासाठी त्याला लागणारी द्वारे वारेच्या पेशींत एकत्र क्वचितच आढळतात. गर्भवतीच्या जर्मन गोवराने, म्हणजे रुबेलाने, गर्भाचे डोळे, कान आणि हृदय यांवर जो घाला घातला जातो, तसा प्रकार येथे नाही.

तरीही निश्चिंत होण्याचे कारण नाही. विषाणू गर्भापर्यंत पोहोचला नाही, तरी तो वारेवर आघात करू शकतो. वार निकामी झाली की गर्भाचा प्राणवायू तुटतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार बाधित मातांच्या प्रसूतींत मृत बाळ जन्मण्याचे प्रमाण १.२६ टक्के, तर इतर प्रसूतींत ते ०.६४ टक्के होते. ‘डेल्टा’च्या काळात ही तफावत चौपटीवर गेली. आईचा प्राणही धोक्यात होताच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जून २०२१ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत बाधित गर्भवती व बाळंतिणींतील मृत्यूंचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, दुसऱ्या लाटेत ते ५.७ टक्के झाले. बाळाला विषाणू लागेल काय, या एका प्रश्नाभोवती चिंता घोटाळत असताना खरे संकट मातेच्या शय्येपाशी उभे होते.

चुकीच्या भयातून चुकीचे उपाय जन्माला येतात. आरंभी चीनमधील तज्ज्ञांनी बाधित मातेपासून बाळाला किमान चौदा दिवस दूर ठेवण्याचा सल्ला दिला. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही तात्पुरत्या विलगीकरणाची शिफारस केली आणि ती जुलै २०२० मध्ये बदलली. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका मात्र प्रारंभापासून वेगळी होती: आईने तोंडावर मुखपट्टी बांधावी, हात धुवावेत आणि बाळाला अंगावरचेच दूध पाजावे. अपुऱ्या दिवसांच्या व कमी वजनाच्या बाळांना आईच्या उराशी ठेवल्याने सव्वा लाखांहून अधिक जीव वाचू शकतात, तर त्यातून होणाऱ्या करोना-संसर्गाने दगावणाऱ्या बाळांची संख्या दोन हजारांहून कमी राहील, असा हिशेब मार्च २०२१ मध्ये मांडला गेला. आपल्या देशात आईच्या दुधापासून तुटलेल्या बाळाला जंतुसंसर्गाचे आणि उपासमारीचे भय विषाणूहून कितीतरी मोठे असते, हे विसरून चालणार नाही.

लसीच्या बाबतीतही हेच घडले. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले, पण गर्भवतींना लस घेण्यास अनुमती मिळाली ती २ जुलैला. तोवर दुसरी लाट ओसरत आली होती. लसीच्या मूळ चाचण्यांत गर्भवतींचा समावेशच नव्हता, म्हणून सुरक्षिततेचा पुरावा नव्हता. आणि पुरावा नव्हता म्हणून लस नव्हती. या सावधगिरीमागे थॅलिडोमाइडची आठवण आहे. १९६१ साली ते औषध मागे घेण्यात आले तोवर हजारो मुले विकलांग जन्मली होती. ही आठवण पुसू नये. परंतु तिचा बोध गर्भवतींना चाचणीबाहेर ठेवा असा नाही. त्यांना देण्याचे प्रत्येक औषध आधी नीट पारखा, असा तो आहे. पारखण्यापूर्वी त्यांना वगळणे म्हणजे त्यांच्या रक्षणाच्या नावाखाली त्यांना साथीच्या स्वाधीन करणे होय.

वारेतून सहजतेने गर्भाकडे जाणारी वस्तू वेगळीच आहे. लस घेतलेल्या मातेची प्रतिपिंडे नाळेवाटे बाळापर्यंत पोहोचतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, गरोदरपणी लस घेतलेल्या मातांच्या सहा महिन्यांखालील बाळांना करोनामुळे रुग्णालयात दाखल करावे लागण्यापासून ६१ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. आई आणि बाळ यांना परस्परांचे वैरी मानण्याची चूक निसर्गाने केली नव्हती. ती आपण केली. पुढची साथ कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती आल्यावर गर्भवतीला चाचण्यांच्या, लसीच्या आणि उपचारांच्या रांगेत अखेरीस उभे करायचे की प्रथम, याचा निर्णय साथीची वाट न पाहता आजच घेता येईल आणि तो आजच घेतला पाहिजे.