सर्वश्रेष्ठ कोण? आणि कोणाकोणांत?

रविवारी भाजी घेऊन झाली की मंडईबाहेर उभ्याने चहा घ्यावा आणि शेजारी चाललेला वाद ऐकावा, हे सुख मी बरीच वर्षे घेत आलो आहे. 'मंडई विद्यापीठ' हा शब्द पुण्यात थट्टेने वापरतात, पण थट्टेइतकाच आदरानेही. कारण येथे प्रवेशाला अट नाही आणि निकाल लावायला परीक्षक नाही. गेल्या पावसाळ्यातल्या एका सकाळी तेथे विषय निघाला होता : आजवरचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण? एखाद्या खेळातला नव्हे, सगळ्या खेळांत मिळून.

पक्षांची मांडणी अपेक्षित होती. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा सचिन तेंडुलकरच्या शंभर आंतरराष्ट्रीय शतकांवर ठाम होता. त्याचा मित्र मायकेल फेल्प्सची 23 ऑलिंपिक सुवर्णपदके पुढे करत होता. एका गृहस्थांना 1928, 1932 आणि 1936 अशा तीन ऑलिंपिकांतले ध्यानचंद सोडून दुसरे नाव ऐकायचेच नव्हते. ह्या सगळ्यांना बटाट्याच्या गाळ्यावरचे एक आजोबा पुरून उरत होते. कानांच्या चुरगळलेल्या पाळ्यांवरून तरुणपणी तालीम केलेली असावी हे दिसत होते. त्यांचा माणूस अर्थातच खाशाबा जाधव.

"वर्गणी गोळा करून गेलेला माणूस तो. तुझ्या त्या अमेरिकेवाल्याला पोहायला तलाव कुणी बांधून दिला, ते सांग आधी."

"पण आजोबा, पदक ब्राँझच ना?"

"मग? तू आण जा एक."

हशा झाला आणि वाद पुढे सरकला. मी मात्र 'ब्राँझच ना' ह्या दोन शब्दांपाशी अडकलो. 1952 साली हेलसिंकीत खाशाबांनी मिळवलेले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि दुसरे यायला 1996 साल उजाडावे लागले. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले, असे सांगतात. मुलाच्या मोजमापात ह्यातले काहीच बसत नव्हते. आजोबांच्या मोजमापात दुसरे काही बसत नव्हते. आपण साहित्याच्या लोकांनी हा तंटा ओळखू नये असे नाही. कृती पाहायची की कृतीमागचे जीवन, ह्यावर फडके-खांडेकरांच्या नावाने आपल्याकडे एक अख्खी पिढी भांडली आहे.

परंतु येथे त्याहून अवघड असा एक पेच आहे. एका खेळातल्या दोघांची तुलना एकवेळ करता येईल. कुस्ती आणि पोहणे ह्यांना एक माप कुठून आणायचे? मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम सर्व ललितकलांना समान मानले, आणि माध्यमे इतकी भिन्न असताना हे कसे, ह्यावर पुढच्या समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्च केली. 'सर्व खेळांत श्रेष्ठ' म्हणणारा माणूस नकळत मर्ढेकरांच्याच बाजूला उभा असतो. ज्या मंडईत हा वाद चालला होता तिचा व्यवहार मात्र वेगळा आहे : बटाटा किलोवर, लिंबू नगावर, कोथिंबीर जुडीवर. ह्या तिघांत थोर कोण, असे तेथे कोणी विचारत नाही.

तरीही एक माप सुचवले गेले आहे, आणि ते पोरकट नाही. ऑस्ट्रेलियाचे संख्याशास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिस ह्यांनी धावा, गोल आणि गुण बाजूला ठेवून एवढेच पाहिले, की आपापल्या खेळातल्या सरासरी खेळाडूपासून कोण किती दूर गेला. हे अंतर प्रमाण विचलनाच्या एककात मांडले की खेळांची माध्यमे गळून पडतात. त्यांच्या हिशेबात डॉन ब्रॅडमन 4.4 वर येतात, पेले 3.7 वर, मायकेल जॉर्डन 3.4 वर. ब्रॅडमनची 99.94 ही सरासरी ज्यांना नुसतीच पाठ होती, त्यांना ह्या गणिताने तिचा अर्थ सांगितला. मला हे माप आवडते. माझी शंका त्याच्या पायाबद्दल आहे.

सरासरी म्हणजे कोणाची सरासरी? जे मैदानात उतरले त्यांची. जे उतरू शकले नाहीत ते भाजकात नाहीत, आणि भाजकात नसलेला माणूस कोणाची उंची कमी करत नाही. साताऱ्याच्या ललिता बाबर 2016 साली रिओत 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. स्त्रियांसाठी ही शर्यत ऑलिंपिकमध्ये आली तीच मुळी 2008 साली. त्याआधी अशी बाई जन्मली असती तर ती सरासरीच्या वर नसती आणि खालीही नसती.

आता ज्याच्यासाठी हे सारे लिहीत आहे त्या माणसाकडे येतो. तो मंडईपासून फार लांबचा नाही.

पालवणकर बाळू ह्यांचा जन्म 1876 चा, चर्मकार समाजातला. वडील सैन्यात नोकरीला. पोरवयात पुण्यात ते पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. खेळपट्टीवर रूळ फिरवणे, जाळी लावणे, टेनिसच्या मैदानावर रेघा आखणे ही त्यांची कामे. पुढे गोऱ्या साहेबांच्या सरावासाठी ते गोलंदाजी करू लागले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज त्यांच्याकडून तासन् तास चेंडू टाकून घेई, आणि बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, अशी कथा आहे. कथा खरी असो वा नसो, एक गोष्ट नोंदलेली आहे : ह्या जाळ्यात बाळूंच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबाचा आणि राजेरजवाड्यांचा छंद, गोलंदाजी ही मजुरी.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा ह्या डावखुऱ्या फिरकीची गरज भासली. खळखळ होऊन अखेर बाळूंना घेतले गेले. मैदानात तोच चेंडू सगळ्यांच्या हाती फिरे. चहाच्या वेळी बाळूंना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. पुढे ते मुंबईच्या हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज झाले, आणि 1906 साली त्या संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरवले. कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 साली धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळाले, आणि त्याआधी 1920 साली भावांना निषेध म्हणून संघाबाहेर पडावे लागले होते.

ह्यावर आक्षेप येईल आणि तो मला मोलाचा वाटतो. हे सहानुभूतीचे गुण झाले. दुःख थोर म्हणून खेळ थोर होत नाही. मान्य. दलित साहित्याच्या समीक्षेतही अनुभवाच्या दाहकतेवर गुण देऊन कवितेकडे पाहायचे राहून गेल्याची उदाहरणे आहेत, आणि असा गौरव हा अपमानाचाच सभ्य प्रकार असतो. म्हणून बाळूंचा चहा विसरू या. गोलंदाजीच पाहू.

1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. बाळू तेव्हा पस्तिशीत होते. तेथे ते एकूण 114 बळी घेऊन आले. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले 75, सरासरी सुमारे 20. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या संघाने प्रथम श्रेणीचे चौदा सामने खेळले, दोन जिंकले आणि दहा हरला. हरणाऱ्या संघाच्या गोलंदाजाला दुसऱ्या डावात टाकायला फारसे चेंडू उरत नाहीत. शिवाय त्यांचे चेंडू खेळणारे लोक कौंटीचे, त्यांच्या घरच्या खेळपट्ट्यांवरचे. आणि हा मनुष्य गोलंदाजी शिकला कोणाकडून? ज्याला शिकवणारा नव्हता, ज्याला फलंदाजाच्या जागी उभे राहून चेंडू कसा दिसतो हे पाहायची मुभा नव्हती, त्याने फलंदाजाचे मन केवळ बावीस यार्डांवरून वाचले. कारकिर्दीची बेरीज प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत 179 बळी, सरासरी 15.21. कसोटी शून्य, कारण भारताची पहिली कसोटी 1932 ची.

त्याच 1932 सालच्या सप्टेंबरात येरवड्याला झालेल्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. 1937 च्या निवडणुकीत ते आंबेडकरांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. हे सांगितलेच पाहिजे. आपल्या सोयीचा नायक करण्याच्या नादात लोक हे पान उलटून टाकतात.

ह्याच शहरात त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान असलेले प्रा. दि. ब. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि खेळत. 1926 साली एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी 148 धावा केल्या आणि पुढे महाराष्ट्राला दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. देवधरांचे मोठेपण निर्विवाद आहे, आणि दोष त्यांच्याकडे जात नाही. फक्त दोघांची सरासरी एकाच तक्त्यात लिहिताना माझा हात थबकतो.

बाळूंच्या इंग्लंड दौऱ्याच्या पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला जिम थॉर्प ह्या मूळनिवासी अमेरिकन माणसाने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशा दोन्ही स्पर्धा जिंकल्या. बेसबॉल खेळून किरकोळ पैसे घेतले होते म्हणून 1913 साली त्याची पदके काढून घेण्यात आली. 1982 साली त्याला सहविजेता ठरवले गेले आणि 2022 साली एकमेव विजेता. पदकांच्या तक्त्यात दुरुस्ती करायला एकशे नऊ वर्षे लागली. सरासऱ्यांची दुरुस्ती करण्याची तर सोयच नाही. म्हणून डेव्हिस ह्यांचे माप मी टाकून देत नाही, पण त्याचे उत्तर 'ज्यांना खेळू दिले त्यांत श्रेष्ठ' एवढेच वाचतो. आणि कोणी माझे मत विचारलेच, तर ज्याच्या काळी भाजक सर्वांत खोटा होता आणि तरीही ज्याचे आकडे उभे राहतात, त्या बाळूंना ते देतो.

त्या सकाळी मंडईतही मी तोंड उघडले आणि नाव सांगितले. मुलाने मोबाइलवर शोधायला सुरुवात केली. आजोबांनी बटाट्याचे पारडे सरळ करता करता विचारले, "तालमीतला का?"

"नाही, पूना क्लबातला."

"मेंबर?"

"नाही. खेळपट्टी करायचा."