लाइट बिलाचा आरोपी कोण?

महिन्यातून एकदा हा खटला तुमच्याकडेही चालत असेल. मोबाइलवर लाइट बिलाचा मेसेज येतो, आकडा मोठ्याने वाचला जातो आणि सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळतात. घरी राहत असाल तर तो माणूस तुम्ही. 'रात्रभर फोन चार्जिंगला लावून झोपायचं, मग बिल येणार नाही तर काय!' रूमवर राहत असाल तर ज्याच्याकडे डेस्कटॉप आहे, तो.

पुण्यात आमच्या फ्लॅटवर तेच झालं. आम्ही चौघं. घरून काम करणाऱ्या रूममेटकडून दरमहा जास्तीचे पैसे घ्यायचे, असा ठराव तिघांनी मंजूर केला. सूचक मीच. तो भडकला. म्हणाला, "मोजून दाखवा, लगेच देतो."

मोजायचं कशाने? बिलावर एकच आकडा असतो. किराणावाल्याने यादी न देता नुसती बेरीज हातात ठेवली तर आपण भांडू. विजेच्या बाबतीत मात्र तेच गपचूप भरतो आणि भांडतो आपसांत. माझं म्हणणं आहे, की घरातल्या प्रत्येक लाइनचा वेगळा हिशेब आपल्याला काढता यायला हवा. सुरुवात तर फुकटातच होते.

मीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो. किती वेळा लुकलुकला की एक युनिट होतं, ते तिथेच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर ३२००. म्हणजे मिनिटाला ४ वेळा लुकलुकला तर ७५ वॅट, एक जुना सीलिंग फॅन. एक जण खाली मीटरपाशी, दुसरा वर एमसीबीच्या पेटीपाशी, दोघांच्या कानाला फोन. सगळे एमसीबी पाडायचे (आधी कॉम्प्युटर नीट बंद करा, नाहीतर नवीन भांडण) आणि एकेक चढवत मोजत जायचं. कोणत्या एमसीबीवर काय चालतं, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बाथरूमचा दिवा हॉलच्या लाइनवर निघाला!

डेस्कटॉपला मिनिटाला ८ लुकलुक, म्हणजे १५० वॅट. आठ तासांचं सव्वा युनिटही नाही. गीझर लावला आणि मोजणाऱ्याची तारांबळ उडाली, मिनिटाला शंभरावर! २००० वॅटचा गीझर चौघांच्या अंघोळींसाठी तासभर तापला की २ युनिटं. त्यातला अर्धा तास एकट्या माझा. फोनचं म्हणाल, तर एका युनिटमध्ये तो पन्नासेक वेळा चार्ज होतो. हे आईला जरूर सांगा.

फ्रिजने मात्र फसवलं. त्याचा कॉम्प्रेसर मध्येच चालतो, मध्येच थांबतो. मिनिटभर मोजून काही कळत नाही, दिवसभर नोंद लागते. तिथे क्लॅम्प सेन्सर उपयोगी. वायर न कापता तिच्याभोवती कडं बसतं आणि करंट मोजला जातो. पण ते फक्त फेजच्या वायरभोवती घालायचं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर एकमेकांना खोडतात आणि आकडा येतो शून्य. नुसत्या करंटवरून पंखा-फ्रिजचे खरे वॅटही कळत नाहीत, म्हणून व्होल्टेजही मोजणारं यंत्र घ्या. आणि हौसेने आठही लाइनींवर सेन्सर लावू नका. एक मेनवर, एक गीझरवर, एक फ्रिजच्या लाइनवर, एसी असेल तर त्यावर. बाकीचं वजाबाकीने निघतं.

पेटी उघडायला वायरमनच बोलवा. मेन स्विच पाडला तरी त्याच्यात येणाऱ्या वायरमध्ये करंट असतोच. भाड्याचं घर असेल तर मालकाला आधी विचारा. मीटरच्या सीलला तर हातही लावायचा नाही, तो गुन्हा आहे.

चार युनिटांसाठी एवढा खटाटोप? महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० नंतर दर चढतो. त्यामुळे वाचलेलं प्रत्येक युनिट तुमच्या सगळ्यात महागड्या टप्प्यातलं असतं.

मला खरी भीती वेगळीच वाटते. हा आलेख फक्त वीज दाखवत नाही. कोण किती वाजता उठलं, रात्री दोनला मायक्रोवेव्ह कुणी लावला, घर कधी रिकामं होतं, सगळं त्यात दिसतं. म्हणून ते ॲप एकट्या बाबांच्या किंवा घरमालकाच्या फोनवर असणार असेल तर सरळ नाही म्हणा. मोजायचं तर सगळ्यांना विचारून आणि सगळ्यांना दिसेल असं.

आमचा ठराव मी मागे घेतला. त्या रूममेटने बाथरूमच्या दारावर कागद चिकटवलाय, 'अंघोळ दहा मिनिटं.' खाली फक्त माझंच नाव आहे.