मोटारीतील चामडे आणि व्यापाऱ्याचा शब्द

बाजारभाव, करपद्धती, शिक्षणनिधी यांसारख्या मोठ्या विषयांना आपल्या वार्षिक स्मरणिकेत दरवर्षी स्थान मिळते आणि ते योग्यच आहे. परंतु व्यापाऱ्याची नीती पुष्कळदा लहान वस्तूंच्या व्यवहारात पारखली जाते. अशाच एका लहान वस्तूविषयी आज आम्ही दोन शब्द लिहिणार आहोत. ती वस्तू म्हणजे आपल्या मोटारीच्या आत लावलेले चामडे, आणि माळव्याच्या उन्हाने ते खराब झाले असता आपण त्याचे काय करतो हा प्रश्न.

जैन व्यापाऱ्यांच्या स्मरणिकेत चामड्याची चर्चा कशासाठी, असे कोणी विचारील. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याची गणना आहे, आणि त्यात केवळ हस्तिदंतच नव्हे, तर नखे, हाडे, कातडी इत्यादी प्राणिज वस्तूंचा व्यापारही येतो, हे आपल्या घरांत परंपरेने ठाऊक आहे. त्याच यादीत शकटकर्म, म्हणजे गाड्या व त्यांचे भाग घडविणे आणि विकणे, यांचाही समावेश आहे. ओढणाऱ्या जनावराचे कष्ट हे त्यामागील एक मोठे कारण होय. मोटारीने बैलाच्या मानेवरील जू उतरविले हे खरे. परंतु गाडीपुढून निघालेले जनावर गादीच्या रूपाने गाडीच्या आत येऊन बसले, याकडे आपले लक्ष फारसे गेले नाही. कातड्याच्या दुकानात ज्याने कधी पाऊल टाकले नाही, असा गृहस्थही चामड्याची आसने असलेली मोटार आनंदाने घरी आणतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

मोटारींचा शौक या शहराला नवा नाही. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याकडून बॉडी बांधवून घेतली, आणि ती मोटार आजही जगातील जुन्या गाड्यांच्या रसिकांत नावाजलेली आहे. त्या काळच्या उंची इंग्रजी मोटारींत चामडे हाच प्रतिष्ठेचा अंतर्भाग असे. १८७८ साली सुरू झालेल्या कॉनोली या इंग्रजी घराण्याचे चामडे अशा गाड्यांतून जगभर गेले. त्यांचा कारखाना २००२ साली बंद पडला. पुढे आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या अँबॅसेडर व फियाट गाड्या वापरल्या, त्यांत बहुधा रेक्झिन असे. अलीकडे मात्र महाग मोटारींबरोबर चामडे पुन्हा आले आहे, आणि त्याच्याबरोबर त्याचे दुखणेही आले आहे.

हे दुखणे काय आहे ते समजून घेतले पाहिजे. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या प्रारंभी सूर्य दुपारी आपल्या थेट माथ्यावर येतो, आणि त्याआधीचा मे महिना कसा जातो हे सांगावयास नको. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात टेंपे या गावी उन्हाळ्यात केलेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. तासभर उन्हात उभ्या केलेल्या मोटारींत डॅशबोर्डचे तापमान सरासरी सुमारे ६९ अंश सेल्सियस आणि आसनांचे सुमारे ५१ अंश झाले. सावलीतील मोटारींत हेच आकडे अनुक्रमे सुमारे ४८ व ४१ होते. केवळ सावलीने डॅशबोर्डवर वीस अंशांचा फरक पडतो, ही गोष्ट प्रत्येक मोटारमालकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चामडे म्हणजे कातड्यातील तंतूंचे घट्ट विणलेले जाळे होय. ते क्रोमच्या क्षारांनी किंवा बाभळीसारख्या सालींच्या अर्काने कमावतात, तेव्हा ते कुजत नाही. आणि त्यात तेल मुरवितात, तेव्हा तंतू एकमेकांवर सहज सरकतात व चामडे मऊ राहते. त्यावर रंगाचा व संरक्षक लेपाचा पातळ थर असतो. उष्णतेने आतील ओलावा व स्निग्धांश उडून जातात, तंतू आखडतात, चामडे ताठर होते. समोरची काच दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा घालून केलेली असल्यामुळे सूर्याचे बहुतेक अतिनील किरण अडविते. म्हणून डॅशबोर्डला मुख्यतः उष्णता मारते. तेथील चामडे आकसून काचेलगतच्या कडेपासून सुटते आणि खालचा गोंदही मऊ होऊन साथ सोडतो. दारांच्या साध्या काचांतून मात्र अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. म्हणून दाराच्या पॅनेलचा वरचा काठ आधी फिका पडतो, मग त्याच्या लेपाला बारीक तडे जातात आणि शेवटी चामड्यातच भेग पडते.

यावर पहिला उपाय दुरुस्तीचा नाही, सावलीचा आहे. गाडी झाडाखाली किंवा छपराखाली लावावी. ते शक्य नसेल तर समोरच्या काचेआड परावर्तक पडदा लावावा आणि दारांच्या काचांवर कापड टाकावे. काचांवर काळी फिल्म चिकटविण्याचा मोह मात्र टाळावा. समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा दंडक आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ साली काळ्या फिल्मविरुद्ध कडक आदेश दिले. चामडे वाचविण्यासाठी कायदा मोडणे व्यापाऱ्यास शोभत नाही.

दुसरा उपाय घरच्या स्वच्छतेचा. सौम्य साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या मऊ फडक्याने धूळ काढावी आणि पृष्ठभाग सावलीत वाळू द्यावा. पुष्कळ घरांत चामड्यावर खोबरेल किंवा मोहरीचे तेल चोळण्याची पद्धत आहे, ती सोडावी. ज्या चामड्याचा वरचा लेप शाबूत आहे, त्यात तेल मुरत नाही, उलट त्यावर धूळ चिकटते. जेथे लेप गेला आहे तेथे ते आत शिरते, काही काळाने खवट होते, आणि पुढे कारागिराने रंग लावला तर तो तेलावर धरत नाही. लेप आहे की गेला, हे ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. आडजागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो वर तसाच राहिला तर लेप आहे, शोषला जाऊन डाग पडला तर लेप गेलेला आहे.

तिसरा उपाय दुरुस्तीचा. नुसता रंग फिका झाला असेल, तर चामडे नीट स्वच्छ करून, अतिशय बारीक पॉलिश-कागदाने हलकेच घासून, जुळत्या रंगाचे पातळ थर आणि त्यावर नवा लेप दिल्यास ते पुष्कळ वर्षे टिकते. वरवरच्या तड्यांत लवचीक भराव थराथराने भरता येतो. आरपार भेग असेल, तर मागून पातळ कापड चिकटवून मग भराव घालावा लागतो. एखादा तुकडा पूर्ण गेला असेल, तर आसनाच्या तळाशी किंवा पॅनेलच्या मागे दुमडलेल्या भागातील चामडे काढून ते तेथे बसविता येते. जे चामडे आकसून कडक झाले, ते मात्र ओढून पूर्ववत होत नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. एक सावधगिरी अवश्य बाळगावी. आजच्या गाड्यांत डॅशबोर्डच्या आत आणि पुष्कळदा आसनांच्या कुशीतही एअरबॅग असते, आणि तिच्यावरील शिवण मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. तेथे नवे आवरण चढविणे, ती शिवण पक्की करणे किंवा तेथे गोंद लावणे म्हणजे अपघाताच्या क्षणी प्राणाशी खेळणे होय.

ही सर्व कामे हाताची आहेत, आणि या शहरात चामड्याला आकार देणारे हात आहेत. इंदूरच्या चामड्याच्या खेळण्यांना भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळालेली आहे. तरीही पुष्कळ मोटारमालक पॅनेलच्या एका भेगेसाठी सगळी आसने व पॅनेले उचकटून टाकतात आणि नवी घालतात. याच ठिकाणी आमचे म्हणणे स्पष्टपणे मांडतो.

आमच्या मते ज्याच्या गाडीत चामडे आधीच आहे, त्याने ते शेवटपर्यंत टिकवावे, कारण प्रत्येक अनावश्यक बदल म्हणजे एका नव्या कातड्याची मागणी होय. कोणी म्हणेल की अहिंसा मानणाऱ्याने ते आजच काढून टाकावे. ज्याच्या मनाला चामड्यावर बसणे खरोखर सोसत नाही, त्याने त्यावर कापड घालावे, किंवा ते काढावे, आणि त्याला कोणी दोष देऊ नये. परंतु काढलेले चामडे उकिरड्यावर गेल्याने जनावर परत येत नाही, आणि वापरात असलेली वस्तू वाया घालविणे हे अपरिग्रहाच्या वृत्तीशीही जुळत नाही. नव्या गाडीच्या बाबतीत मात्र आमचे मत वेगळे आहे. तेथे निवड आपल्या हाती असते, आणि ती चामड्याविना व्हावी. चामडे हे मांसाच्या धंद्याचे केवळ उपउत्पादन आहे, त्याने एकही जनावर जास्त मरत नाही, असा युक्तिवाद केला जातो. व्यापारी माणसाने तो सहजी मान्य करू नये. उपउत्पादनाची किंमत मुख्य धंद्याच्या नफ्यात धरली जाते, हे आपल्या वहीखात्यांतून आपल्याला पुरते ठाऊक आहे. बाहेरच्या जगातही विचार बदलत आहे. स्वीडनच्या व्होल्व्हो कंपनीने आपल्या सर्व पूर्ण विद्युत मोटारी चामड्याविना असतील असे २०२१ साली जाहीर केले.

तरीही चामड्याऐवजी जे वापरले जाते ते निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. कापडावर पीव्हीसीचा थर दिलेल्या रेक्झिनमध्ये मऊपणासाठी घातलेली द्रव्ये उन्हाने हळूहळू उडतात, समोरच्या काचेवर धुरकट थर धरतात आणि रेक्झिन कडक होऊन तडकते. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत कालांतराने पापुद्रे धरून सोलून निघतो. सावलीचा नियम येथेही तोच आहे. दाट विणीचे साधे कापड अनेकदा या दोहोंपेक्षा सुखावह ठरते, विशेषतः आपल्या मे महिन्यात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. बाजारात नकली चामड्यास सर्रास लेदर म्हणण्याची चाल पडली आहे. गाडीच्या माहितीपत्रकात लेदरेट असे बारीक अक्षरांत छापलेले असते, आणि तोंडी मात्र लेदर असे सांगितले जाते. उलट, आसने रेक्झिनची असली तरी स्टिअरिंगचे वेष्टन खऱ्या चामड्याचे असू शकते, हे ग्राहकाला कोणी सांगत नाही. एका ग्राहकाला खऱ्या चामड्याच्या दराने नकली माल मिळतो. दुसऱ्याला, जो धर्मभावनेने चामडे टाळू पाहतो, त्याला नकळत तेच मिळते. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार म्हणून जो सांगितला आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी तशाच दिसणाऱ्या वस्तूचा व्यवहार, तो हाच नव्हे काय? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही मालाचे खोटे वर्णन ही अनुचित व्यापारप्रथा मानली आहे. कायदा पुढे येण्यापूर्वी आपल्या परंपरेने ते सांगून ठेवले होते, याचा अभिमान आपण बाळगतो. तर तो आपल्या बिलबुकातही दिसला पाहिजे.

दुरुस्तीला प्रोत्साहन दिले तर विक्री घटेल, अशी शंका काही सभासदांना येणे स्वाभाविक आहे. आम्हांस ती पटत नाही. दुरुस्तीलाही रंग, भराव, लेप, अस्तराचे कापड, दोरा आणि मुख्यतः मजुरी लागते. तो सगळा पैसा याच शहरात फिरतो. ज्या दुकानदाराने आठ हजारांच्या नव्या आसनांऐवजी आठशेंची दुरुस्ती सुचविली, त्याच्याकडे तोच ग्राहक पुढील गाडी घेऊन परत येतो, आणि शेजाऱ्यालाही घेऊन येतो. पेढीची पत अशाच प्रसंगी वाढते.

म्हणून संघापुढे आम्ही दोन सूचना ठेवतो. मोटारीच्या सामानाचा व्यवहार करणाऱ्या प्रत्येक सभासदाने बिलावर चामडे, रेक्झिन, पॉलियुरेथेन किंवा कापड, जे असेल त्याचे नाव स्पष्ट लिहावे, आणि ग्राहकाने विचारण्यापूर्वीच तोंडीही तेच सांगावे. आणि नवे आवरण विकण्यापूर्वी जुने दुरुस्त होण्याजोगे आहे काय, हे कारागिराकडून तपासून घेऊन ग्राहकास खरे उत्तर द्यावे. या दोन गोष्टींस भांडवल लागत नाही, सरकारी परवाना लागत नाही. लागतो तो केवळ निश्चय. आणि आमच्या सभासद बंधूभगिनींत त्याची उणीव नाही, अशी आमची श्रद्धा आहे.