विश्लेषण : साथरोगात सरकारने किती सक्ती करावी? प्लेग, एचआयव्ही आणि लोकलच्या अटीने काय शिकवले?

साथ आली की सरकारला घाईने निर्णय घ्यावे लागतात. शाळा बंद होतात, प्रवासावर निर्बंध येतात, संशयितांना घरात किंवा रुग्णालयात वेगळे ठेवले जाते. यातील प्रत्येक निर्णयाने कोणाच्या ना कोणाच्या हक्काला कात्री लागते. ती किती लागावी, कोणाला लागावी आणि ते कोणी ठरवावे, या प्रश्नांची उत्तरे महाराष्ट्र आणि गोव्याने गेल्या सव्वाशे वर्षांत निरनिराळ्या साथींत शोधली. सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये त्यासाठी निकष लावले. मात्र साथीच्या काळात हाताशी असलेला मुख्य कायदा आजही १८९७ चाच आहे.

नेमका पेच काय?

मधुमेह किंवा हृदयविकाराच्या रुग्णाने औषध नाकारले, तर परिणाम प्रामुख्याने त्यालाच भोगावा लागतो. संसर्गजन्य रोगाचे तसे नाही. एकाच्या निर्णयाचा फटका शेजाऱ्याला, सहप्रवाशाला, घरातील बाळाला बसू शकतो. त्यामुळे ‘माझे शरीर, माझा निर्णय’ हे तत्त्व येथे जसेच्या तसे लागू होत नाही. परंतु ‘सर्वांच्या भल्यासाठी’ असे म्हटले की सरकारला काहीही करता येईल, असेही नाही. दोन्ही टोके सोडली की मधला प्रश्न उरतो. धोका किती मोठा आहे आणि घातलेल्या निर्बंधाने तो खरोखर कमी होतो का?

१८९७ चा कायदा काय सांगतो?

मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेगचे निदान झाले. साथ वेगाने पसरली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर सरकारने योग्य वाटतील ते उपाय करावेत, आदेश मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरता येऊ नये, हे त्याचे सार. ‘धोकादायक साथरोग’ कशाला म्हणायचे, याची व्याख्या त्यात नाही. निर्बंध किती दिवस चालावेत, त्यांचा आढावा कोणी घ्यावा, रोजगार बुडालेल्याला भरपाई मिळावी का, रुग्णाचे नाव गुप्त राहावे का, याविषयी तो मौन बाळगतो.

करोनाच्या साथीत २०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी कडक शिक्षेची तरतूद आली आणि ती आवश्यकही होती. नागरिकांच्या हक्कांचा रकाना मात्र कोराच राहिला.

पुण्यात सक्तीचा परिणाम काय झाला?

या कायद्याची पहिली कठोर अंमलबजावणी पुण्यात झाली. प्लेग समितीचे प्रमुख वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीसाठी गोरे सैनिक नेमले. घरात शिरून तपासणी करणे, संशयितांना छावणीत हलवणे, सामान जाळणे हे प्रकार सुरू झाले. लोकांचा संताप उसळला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली.

या घटनेची राजकीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. आरोग्याच्या बाजूची चर्चा तुलनेने कमी होते. घरझडतीच्या धास्तीने लोक रुग्णांना लपवू लागले, मृत्यू दडवू लागले आणि शहर सोडून जाऊ लागले. म्हणजे साथ आटोक्यात आणण्यासाठी जी माहिती सर्वांत आवश्यक होती, तीच सरकारपासून लपवली जाऊ लागली. पुढे इंग्रज सरकारलाही सक्ती सैल करून लोकांच्या सहकार्यावर आणि ऐच्छिक लसीकरणावर भर द्यावा लागला.

सक्तीला विरोध म्हणजे उपचारांना विरोध, असे तेव्हाही नव्हते. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून सरकारच्या पद्धतीवर टीका केली, तसेच प्लेगच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारण्यातही पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच १० मार्च १८९७ रोजी गेल्या.

गोव्यातील प्रकरण काय होते?

गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा संसर्ग आढळला आणि फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा व्यक्तींना वेगळे ठेवण्याची तरतूद होती. तिच्या आधारे त्याला ६४ दिवस डांबून ठेवण्यात आले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिकची सुटका झाली, पण अंतिम निकालात न्यायालयाने ती तरतूद वैध ठरवली. समाजाचे हित व्यक्तीच्या हक्कापेक्षा वरचढ, असा त्या निकालाचा सूर होता.

एचआयव्ही हवेतून पसरत नाही, स्पर्शाने पसरत नाही. त्यामुळे एका माणसाला खोलीत कोंडून समाजाचे कोणतेही संरक्षण होत नव्हते. उलट तपासणी केली तर कोंडले जाऊ, ही भीती पसरण्याचा धोका होता. डॉमिनिकने पुढे एचआयव्हीबाधितांसाठी संस्था सुरू केली. १९९२ मध्ये त्याचे निधन झाले.

देशाच्या धोरणाने नंतर उलट दिशा घेतली. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ मध्ये लागू झाला. त्यात संमतीशिवाय चाचणी नाही, बाधिताची ओळख उघड करायची नाही आणि नोकरी, शिक्षण, उपचार यांत भेदभाव करायचा नाही, अशा तरतुदी आहेत. हक्कांचे रक्षण केले तर लोक तपासणीला पुढे येतात आणि रोग आटोक्यात येतो, हा विचार त्यामागे आहे. आरोग्य आणि हक्क हे प्रत्येक वेळी तराजूच्या दोन पारड्यांत नसतात. अनेकदा एकाला दुसऱ्याचा आधार असतो.

मुंबई लोकलच्या अटीवरून वाद का झाला?

लशीच्या दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांनाच १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलने प्रवासाची मुभा मिळाली. त्याआधी सर्वसामान्यांना लोकलची दारे बंदच होती. त्यामुळे हा निर्णय सवलत म्हणून आला. पण लोकलवर ज्याची नोकरी अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही अट म्हणजे जवळपास सक्तीच होती.

१८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण १ मेपासून खुले झाले आणि लशींच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्रात ते लगेच थांबवावेही लागले. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांतील अंतर तेव्हा किमान ८४ दिवसांचे होते. त्यात १४ दिवस मिळवले, तर ९ मेनंतर पहिली मात्रा घेतलेला कोणीही १५ ऑगस्टला पात्र ठरत नव्हता. म्हणजे लस घ्यायला तयार असलेला, पण रांगेत नंबर न लागलेला डोंबिवलीचा किंवा विरारचा तरुण कामगारही लस नाकारणाऱ्याच्याच यादीत गेला. अट घालण्याआधी ती पूर्ण करण्याची संधी सर्वांना मिळाली होती का, हा नैतिक प्रश्न येथे उभा राहतो.

प्रकरण उच्च न्यायालयात गेले. आदेश काढताना आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालील ठरलेली प्रक्रिया पाळली गेली नाही, असे निरीक्षण न्यायालयाने २०२२ च्या सुरुवातीला नोंदवले. राज्याने नव्या आदेशातही अट कायम ठेवली. अखेर एप्रिल २०२२ मध्ये करोनाचे सर्वच निर्बंध मागे घेण्यात आले.

सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे काय?

बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर २ मे २०२२ रोजी न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. शरीरावरील स्वायत्तता हा अनुच्छेद २१ चा भाग आहे, म्हणून कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले. त्याच वेळी समाजाच्या आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर काही मर्यादा घालू शकते, हेही मान्य केले.

या मर्यादांना न्यायालयाने तीन कसोट्या लावल्या. खासगीपणाच्या हक्काविषयीच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील या कसोट्या आहेत. निर्बंधाला कायद्याचा आधार हवा, त्यामागे योग्य हेतू हवा आणि निर्बंध धोक्याच्या प्रमाणात हवा. लस न घेतलेल्यांमुळे लस घेतलेल्यांपेक्षा अधिक संसर्ग पसरतो, हे दाखवणारी माहिती सरकारांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. त्यामुळे त्यांच्यावरील निर्बंध प्रमाणात बसत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले आणि रुग्णसंख्या कमी असेपर्यंत अशा आदेशांचा आढावा घेण्यास सुचवले.

हा निकाल लसविरोधी नाही. केंद्राचे लसीकरण धोरण अवाजवी म्हणता येणार नाही, असे तोच निकाल सांगतो. तो करोनाच्या तेव्हाच्या परिस्थितीपुरता आहे, हेही त्यात नमूद आहे. त्यामुळे ‘कोणत्याही लशीबाबत सरकार काहीच करू शकत नाही’ असा समाजमाध्यमांवर काढला जाणारा अर्थ चुकीचा ठरतो.

मग सक्ती कधीच नको का?

तसे म्हणता येणार नाही. गोवराचे उदाहरण पाहा. तो इतक्या वेगाने पसरतो, की साथ रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के लसीकरण लागते. नऊ महिन्यांखालील बाळाला नियमित कार्यक्रमात ही लस दिली जात नाही. त्याचे संरक्षण आसपासच्या मुलांच्या लसीकरणावर अवलंबून असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या काही भागांत गोवराची साथ आली आणि बालमृत्यू झाले. बोलता न येणाऱ्या बाळाचाही जगण्याचा हक्क असतो आणि हक्कांच्या चर्चेत तोच अनेकदा निसटतो.

श्रद्धेच्या बाबतीतही राज्यघटनेची भूमिका स्पष्ट आहे. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद २५ मध्येच ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन असल्याचे म्हटले आहे. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत झालेल्या वादात कबुतरांना दाणे घालण्याची श्रद्धा आणि परिसरातील रहिवाशांची फुप्फुसे, असाच पेच होता. तेव्हाही प्रश्न अखेर तज्ज्ञ समितीकडे, म्हणजे पुराव्याकडे वळला.

ब्रिटनमधील नफिल्ड कौन्सिल या जैवनीतीविषयक संस्थेने २००७ मध्ये यासाठी शिडीची कल्पना मांडली. सर्वांत खालच्या पायरीवर केवळ पाहणी, मग माहिती, सोय, प्रोत्साहन आणि सर्वांत वर बंदी. वरची पायरी चढायची तर खालची का पुरली नाही, याचे उत्तर सरकारने द्यायला हवे. घराजवळ लसीकरण केंद्र नसताना, कामाचे तास आड येत असताना थेट दंडाची पायरी गाठणे या कल्पनेत बसत नाही.

ओझे कोणावर पडते?

टाळेबंदीचा नियम कागदावर सर्वांना सारखा होता. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारापासून ती लागू झाली. घरून काम करता येणाऱ्याची त्यात गैरसोय झाली, तर हातावर पोट असलेल्याची मजुरी गेली आणि हजारो मजुरांना गावाकडे पायी निघावे लागले. भीतीच्या काळात दोषारोपही दुबळ्यांवरच होतो. तबलिगी जमातच्या परदेशी सदस्यांवरील गुन्हे रद्द करताना मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये, त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे म्हटले होते.

म्हणून निर्बंधांसोबत धान्य, वेतन, राहण्याची सोय देणे हा दयेचा भाग ठरत नाही. समाजासाठी ज्याच्याकडून त्याग मागितला, त्याची झीज समाजाने भरून देणे हा न्यायाचा भाग आहे.

नव्या कायद्याचे काय?

२०१७ मध्ये केंद्राने सार्वजनिक आरोग्य विधेयकाचा मसुदा तयार केला होता. त्याचा कायदा झाला नाही. बाविसाव्या विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे सांगितले. त्यात व्यापक दुरुस्त्या कराव्यात किंवा नवा कायदा आणावा, केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्थांचे अधिकार स्पष्ट करावेत आणि साथ नियोजन आराखडा तयार ठेवावा, अशी शिफारस केली.

नव्या कायद्यात सरकारचे अधिकार वाढणार, हे उघड आहे. त्यासोबत प्रत्येक आदेशाला मुदत, ठरावीक काळाने आढावा, आधारभूत माहिती जाहीर करण्याचे बंधन, तक्रारीसाठी यंत्रणा आणि भरपाई यांची तरतूद होते का, हे पाहावे लागेल. हे नियम शांततेच्या काळातच ठरवावे लागतात. साथ दारात आल्यावर विधिमंडळाला सवड नसते, न्यायालये बहुधा सरकारला झुकते माप देतात आणि घाबरलेला नागरिकही प्रश्न विचारत नाही. पुढच्या साथीतील पहिला आदेश पुन्हा १८९७ च्या कायद्याचा दाखला देत निघाला, तर या सव्वाशे वर्षांच्या अनुभवाचा उपयोग झाला नाही, असेच म्हणावे लागेल.