मुलांच्या खेळातला ‘दादा’

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात तव्यावर पोळी असतानाच मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, दीड हजार रुपये वजा! मी तर कोणाला दमडी दिली नव्हती. आठवीतला आमचा धाकटा दाराआड उभा, तोंड एवढंसं झालेलं.

प्रकार असा. तो ‘फ्री फायर मॅक्स’ खेळतो. चौघांची टोळी करून अनोळखी मुलांबरोबर खेळायचं, खेळताना बोलायचंही. तिथे त्याला एक ‘दादा’ भेटला. महिनाभर सोबत खेळला, खेळातला एक पोशाखही भेट दिला. मग म्हणाला, ‘तुझी आयडी दे, हिरे भरून देतो.’ हिरे म्हणजे त्या खेळातलं नाणं, खऱ्या रुपयांनी घ्यावं लागणारं. पोरानं पासवर्ड दिला, माझ्या फोनवर आलेला ओटीपीही सांगितला. झालं, आयडी गेली! परत हवी तर म्हणे दीड हजार टाक. किराणा आणायला पाठवताना मीच त्याला यूपीआय पिन सांगून ठेवलेला. पैसेही गेले नि दादाही.

लहानपणी महाकालीच्या यात्रेत तीन पत्त्यांवाला दिसला की आजी मला ओढत पुढे न्यायची. ‘पहिला जिंकतो ना, तो त्याचाच माणूस असतो,’ म्हणायची. हा पोशाखही तसलाच, बरं का.

खूण अगदी सोपी आहे. हिरे भरायला खेळाडूचा आयडी क्रमांक पुरतो, पासवर्ड लागतच नाही. मागितला की समजावं, लबाड आहे. ‘आयडीची अदलाबदल करू, आधी तू दे,’ म्हणणाराही त्याच माळेतला. गडचिरोलीला माझ्या नणंदेच्या मुलाला फुकट हिऱ्यांची लिंक आली होती. पान हुबेहूब खेळाचंच, पासवर्ड भरला की तो चोराच्या हाती. आणि पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पोरांच्या कानावर घालाच.

हे म्हणाले, ‘2025 मध्ये असले खेळ बंद झाले ना?’ अहो, तो कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांचा. हा त्यात येत नाही.

हा खेळ बहुधा आपल्याच गुगल किंवा फेसबुक खात्यावरून सुरू केलेला असतो. म्हणजे पासवर्ड गेला की आपली मेल, फोटो सगळंच उघड्यावर. तेव्हा आधी तो बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. मेसेजमधला व्यवहार क्रमांक जपा, आणि त्या ‘दादा’शी झालेलं बोलणं रागाच्या भरात पुसू नका.

आयडी सोमवारी गेली, पैसे गुरुवारी. मधले तीन दिवस पोरगा गप्प होता, का तर आई मोबाईल काढून घेईल! दीड हजारापेक्षा मला हेच जास्त लागलं. मी अर्धवेळ शिकवते त्या वर्गात सहज विचारलं, ‘कोणाकोणाची आयडी गेलीय?’ सगळे चिडीचूप. ‘घरी सांगणार नाही,’ म्हटल्यावर नऊ हात वर आले.